तोच हा

टीव्हीच्या पडद्यावर जिथे रिकामी जागा असायला हवी, तिथे उद्गारचिन्हं होती. जवळपास हजार. वरच्या ओळीत ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ असं यायला हवं होतं. तिथे बीच्या जागी सी, पीच्या जागी क्यू, टीच्या जागी यू, आरच्या जागी एस आलं होतं आणि बत्तिसाचे तेहतीस झाले होते. सगळ्यांत खाली हे यंत्र बाणाच्या टोकासारखी एक खूण दाखवून आपल्या हुकमाची वाट पाहतं. त्या जागी प्रश्नचिन्ह उभं होतं.

शेजारी माझा एक जुना विद्यार्थी होता. वाईत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सोल्डरिंगला त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे. पडद्याकडे बघत तो म्हणाला, ‘‘बाई, बिघडलाय, पण नियमाने बिघडलाय.’’ खरंच तसं होतं. इंग्रजी वर्णमालेतली सम जागेवरची अक्षरं एकेक घर पुढे सरकली होती, विषम जागेवरची जिथल्या तिथे होती. यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे शून्य आणि एक यांची एक रांग. त्या रांगेतला शेवटचा अंक कायमचा एकवर अडकला की रिकाम्या जागेचं उद्गारचिन्ह होतं, दोनाचे तीन होतात आणि त्या बाणाचं प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे मेमरीच्या सोळा चिपांपैकी नेमकी एक गेली होती, आणि ती कोणती हेही पडद्यानेच सांगितलं होतं.

ती चिप काढायला दुपार गेली. आधी तिचे सोळा पाय कापले, मग एकेक पाय तापवून उपसला, भोकं साफ केली, तिथे सॉकेट बसवलं. त्यात दुसऱ्या, पूर्ण मेलेल्या यंत्रातली तशीच चिप दाबून बसवली. बटण दाबलं. यंत्र आपल्या दोन सुरांत बोललं, आधी खालचा, लगेच वरचा, आणि पडदा स्वच्छ झाला. ३२के. माझे डोळे भरून आले.

तो मात्र विचारात पडला होता. ‘‘पण बाई, सप्लायचे कपॅसिटर आपण बदलले. कीबोर्डची बटणं बदलली. आता मेमरीपण दुसऱ्याची घातली. मग हा तुमचा शाळेतला कॉम्प्युटर राहिला का?’’

सहा वर्षं झाली. त्या प्रश्नाने मला सोडलेलं नाही.

हे यंत्र माझ्या आयुष्यात आलं ते १९८५ साली. त्या वेळी मी साताऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत होते. शाळांमधून संगणक शिकवण्याचा ‘क्लास’ नावाचा सरकारी प्रकल्प १९८४-८५मध्ये सुरू झाला होता. पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या होत्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रं मिळाली होती. पुढे आमच्याही शाळेत दोन आली. फिकट बदामी खोकं, काळी बटणं, वर एका रांगेत दहा तांबड्या कळा, आणि ठिपक्यांनी काढलेलं घुबड. लक्ष्मीचं वाहन आहे म्हणून आमच्या शिपाईमामांना ते फार आवडलं होतं. त्यांनी नारळ फोडला. मुख्याध्यापकांनी हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या तराजू-वजनांच्या ओळीत ही दोन यंत्रंही मांडली होती, झेंडूच्या फुलांसह.

आत काय होतं? ६५०२ प्रोसेसर, सेकंदाला वीस लाख ठोके. ३२ किलोबाइट मेमरी. आज फोनवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नाही. पण बटण दाबल्या दाबल्या ते तयार असायचं, आणि त्याची बेसिक भाषा मुलांना चार दिवसांत यायची. पाढे विचारणारा, चुकलं तर पुन्हा विचारणारा प्रोग्रॅम नववीतल्या मुलींनी स्वतः लिहिला होता. तो आम्ही कॅसेटवर साठवला. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

मग काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. अभ्यासक्रम बदलला, नवी यंत्रं आली, ही दोन्ही भांडारखोलीत गेली. २०१८मध्ये ती खोली रिकामी करायची ठरली तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मला निरोप मिळाला. भंगाराच्या वजनाने पैसे भरून मी दोन्ही घरी आणली. एकाच्या बोर्डावर पावसाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपलं होतं, तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटल्या होत्या. त्याचं काही होणार नव्हतं.

दुसरं मी अधीरपणे चालू केलं. ते चाललं! दहा-बारा मिनिटं चाललं, आणि मग सप्लायच्या जाळीतून कडवट वासाचा तपकिरी धूर यायला लागला. हा या यंत्रांचा ओळखीचा आजार आहे. विजेतला खरखराट गाळण्यासाठी सप्लायमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, धातूचा लेप दिलेल्या कागदाचे, वरून पिवळसर पारदर्शक आवरण. काळाने त्या आवरणाला बारीक चिरा जातात, चिरांतून हवेतली ओल कागदात शिरते, आणि एक दिवस त्यावर मेन्सची वीज आली की कागद जळतो. एवढा धूर होऊनही पडद्यावरची अक्षरं शांत होती. जळलं होतं ते फक्त गाळणं.

नवे कपॅसिटर आणायला पुण्याला गेले. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत. या देवळासमोर पूर्वी जाड सुती पासोड्या विकायला बसत, म्हणून देवाचं हे नाव. पासोड्या कधीच गेल्या. आता तिथे रेझिस्टर, सोल्डर, वायरींची भेंडोळी मिळतात. नाव राहिलंय. त्या दिवशी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. नंतर वाटलं.

वाईत राहण्याचा एक फायदा असा, की न्यायशास्त्र शिकलेला माणूस अजून चालत जाण्याच्या अंतरावर भेटतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्याच प्राज्ञपाठशाळेत घडले आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथूनच केलं. त्या परंपरेत शिकलेले एक वृद्ध शास्त्रीबुवा आमच्या आळीच्या टोकाला राहत. मी त्यांच्याकडे विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊन गेले. त्यांनी कॉम्प्युटरचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही घटाचा पाक विचारताय.’’

कच्चं मडकं आव्यात घातलं की काळ्याचं तांबडं होतं. आता, बदललं काय? वैशेषिकांचं म्हणणं असं, की आगीच्या माऱ्याने मडकं पार अणूंपर्यंत सुटं होतं, अणूंचा काळा रंग जाऊन तांबडा येतो आणि ते अणू पुन्हा जुळून नवं मडकं तयार होतं. हे इतक्या झपाट्याने घडतं की आपल्याला दिसत नाही. त्याला किती क्षण लागतात याचे हिशेबही त्यांनी मांडले. हा पीलुपाकवाद, पीलू म्हणजे अणू. नैयायिकांना हे पटत नाही. आव्याच्या भोकातून पाहिलं तर मडकं दिसत असतंच, त्याच्यावर रचलेली दुसरी मडकी खाली कोसळत नाहीत, मग ते मध्येच नाहीसं झालं असं कसं म्हणायचं? मडकं तेच राहतं, रंग तेवढा बदलतो. हा पिठरपाकवाद; पिठर म्हणजे भांडं.

मी विचारलं, ‘‘आणि तुकडा काढून दुसरा बसवला तर?’’

त्यावर त्यांनी कापडाचा दृष्टान्त दिला. न्याय-वैशेषिकांच्या मते कापड म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे. धाग्यांवर आधारलेली ती एक स्वतंत्र, खरी वस्तू आहे. पण म्हणूनच ती नाजूक आहे. धागे बदलले की जुनं कापड संपतं. फाटून जे उरतं ते दुसरं कापड, खंडपट. बोलताना त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक हातात धरलं होतं, आणि मला एकदम पासोड्या आठवल्या.

मी घरी आले ती जड मनाने. या हिशेबाने माझं यंत्र पहिल्या कपॅसिटरलाच संपलं होतं. पण शास्त्रीबुवांनी जाता जाता एक दुसरीही गोष्ट सांगितली होती. हेच नैयायिक बौद्धांशी वाद घालताना प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळखण्याचा, आधार घेतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज समोर आला की ‘तोच हा’ असं ज्ञान होतं. त्या ज्ञानात ‘तो’ आणि ‘हा’ एकाच वस्तूवर येऊन टेकतात. वस्तू क्षणोक्षणी नवी जन्मत असती, तर हे टेकणं कुठे झालं असतं? नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात बौद्धांच्या या क्षणभंगाच्या विरुद्ध केवढी झुंज दिली आहे! बौद्धांचं उत्तरही तितकंच धारदार आहे. कापलेली नखं पुन्हा वाढतात, तेव्हाही आपण ‘तीच नखं’ म्हणतो. दिव्याच्या ज्योतीलाही ‘तीच ज्योत’ म्हणतो. ओळख पटली म्हणून वस्तू तीच आहे असं ठरत नाही.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद मी त्यानंतर पहिल्यांदा नीट वाचला. राजा ग्रीक वंशाचा, इतिहासातला मिनँडर. नागसेन त्याला त्याच्याच रथाबद्दल विचारतो: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीवर ठेवलेलं ते एक नाव आहे. मग रात्रभर जळणाऱ्या दिव्याची गोष्ट येते. पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नव्हे, आणि वेगळीही नव्हे.

वाचताना मी मधेच थांबले, कारण ती ज्योत मी चिमट्यात धरून पाहिली होती.

आम्ही बदललेली ती मेमरीची चिप. तिच्या आत १२८ ओळी आणि १२८ स्तंभांची जाळी असते, १६,३८४ घरं. प्रत्येक घरात विजेचा एक सूक्ष्म थेंब असला तर एक, नसला तर शून्य. पण थेंब गळतो. काही हजारांश सेकंदांत तो इतका कमी होतो की एक होता की शून्य हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ सतत पुन्हा वाचावी लागते. वाचताना थेंब रिता होतो आणि वाचलेलं लगेच परत भरलं जातं. जे वाचलं जात नाही ते पुसलं जातं. आपण स्मृती म्हणतो तेव्हा दगडावर कोरलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे तसं काहीच नाही. इथे आहे अखंड पारायण.

आणि बीबीसी मायक्रोमध्ये हे पारायण कोण करतं? पडदा रंगवणारा भाग. टीव्हीवर चित्र दाखवण्यासाठी त्याला सेकंदाला पन्नास वेळा मेमरी वाचावी लागते, आणि रचनाकारांनी योजना अशी केली की त्या वाचण्यातच सगळ्या ओळी ताज्या होत राहाव्यात. वेगळी सोय नाही. हे यंत्र जगाला काहीतरी दाखवत राहतं म्हणून त्याला आठवत राहतं. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा मला दिसलं की माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न चिप बदलण्यापासून सुरूच होत नाही. ती बदलली नसती, तरी यंत्र दर क्षणी नवं होत होतंच. दुसऱ्या यंत्राची चिप बसवली तेव्हा तिच्याबरोबर त्या यंत्राची एकही आठवण आली नाही. वीज गेल्यावर ती क्षणभरात कोरी झालेली असते. आलं ते फक्त धरून ठेवण्याचं सामर्थ्य. या बाबतीत मी बौद्धांच्या बाजूने आहे. यंत्रात शोधून ‘तेच’ सापडत नाही.

माझे दीर इगतपुरीला विपश्यनेला जातात, त्यांना हे ऐकून आनंद झाला. पण ते म्हणाले, ‘‘वहिनी, मग हे सगळं कशाला? अनित्य आहे हे कळलं ना? सोडून द्या. हा मोहच आहे.’’

भावोजी मनापासून बोलत होते, आणि मोहाची शंका माझ्याही मनात होती. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, तिचं विसर्जन करावं, असं आपल्याकडे मानतात. त्यात धरून न ठेवण्याचं मोठं शहाणपण आहे. पण दुरुस्तीला बसल्यावर मनाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मोह झालेला माणूस यंत्र कपाटात झाकून ठेवतो, बटण दाबायला भितो. दुरुस्ती करणाऱ्याला झाकण काढावंच लागतं. कोणता कपॅसिटर फुगलाय, कुठली रेषा गंजलीय, कशाची मुदत भरलीय, हे मल्टिमीटर लावून एकेक विचारावं लागतं. अनित्यतेचा इतका तपशीलवार अभ्यास मला दुसऱ्या कशानेही घडलेला नाही. आणि विसर्जन म्हणाल, तर या वस्तूंचं विसर्जन पाण्यात होत नाही. तांब्यासाठी कुणीतरी उघड्यावर बोर्ड जाळतं आणि तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो. त्याला त्याग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय आपल्या धर्मात विसर्जनाबरोबर जीर्णोद्धारही आहे. पुरीच्या जगन्नाथाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी, अलीकडे १९९६ला आणि २०१५ला, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती होतात, आणि डोळे बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. तिथे ‘तेच’ ठेवायला निदान एक जागा आहे. पण मला त्याहून जवळचे वाटतात ते आमच्या देव्हाऱ्यातले टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा आणि भवानी. रोजच्या पुसण्याने खंडोबाचा घोडा पार सपाट झाला होता. माझ्या सासूबाईंनी सोनाराकडून नवे टाक घडवून आणले, जुन्यांची चांदी त्यातच आटवली. पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि दुसऱ्या दिवशीपासून कुणी ‘नवे देव’ असा शब्द काढला नाही. तेच देव. टाकाच्या आत काही लपवून ठेवलेलं नव्हतं. सासूबाई सकाळी उठून पुन्हा पुसत होत्या, एवढंच होतं.

ओळखण्याबद्दल नैयायिक आणि बौद्ध दोघंही ओळखणाऱ्याला साक्षीदार समजून बोलतात: त्याने खरं सांगितलं की खोटं, एवढाच वाद. सासूबाई साक्ष देत नव्हत्या. ‘तेच देव’ म्हणताना त्यांनी उद्या सकाळचं काम अंगावर घेतलं होतं. मी ‘तोच हा’ म्हणते तेव्हा मीही यंत्राबद्दल बातमी देत नाही. त्याची एक ओळ पुन्हा वाचते. मी वाचायची थांबले आणि दुसऱ्या कुणी ती उचलली नाही, तर खोकं असेल, घुबडाचं चित्र असेल, पण ‘तोच’ नसेल. शास्त्रीबुवांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘हे शास्त्रात बसवायला अवघड आहे. पण चूक म्हणायला त्याहून अवघड आहे.’’ ते आता नाहीत. तो वाद अजून पुढे न्यायचा होता.

विद्यार्थ्याला मी एक वेगळीच गोष्ट सांगितली, कारण त्याला ती जास्त उपयोगाची होती. हे यंत्र करणारी केंब्रिजची अ‍ॅकॉर्न कंपनी, तिथल्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम हा प्रोसेसर रचला. १९८५च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली चिप तयार होऊन आली, तेव्हा ती बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवली गेली. ज्या वर्षी आमच्या शाळेत नारळ फुटला त्याच वर्षी. आज त्याच्या दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. बौद्ध ज्याला संतान म्हणतात, एका क्षणातून दुसरा, एका ज्योतीतून दुसरी, तशी ही धार माझ्या टेबलावरून निघून त्याच्या काउंटरवर आली आहे. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आला. ती सातवीत आहे.

आता ती दर रविवारी येते. काढलेली चिप आणि जळालेले दोन कपॅसिटर मी एका जुन्या करंड्यात ठेवलेत. ते तिने हातात घेऊन पाहिले आणि विचारलं की हे फेकायचे नाहीत का. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. खंडेनवमीला तिने यंत्राला फूल वाहिलं तेव्हा तो करंडाही शेजारी ठेवला, मी न सांगता.

गेल्या रविवारी ती पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहीत होती. जुन्या कॅसेटवरचा मी तिला दाखवला नव्हता. सव्वीस ओळी झाल्या होत्या, सतरावर अडली होती, पुन्हा सुटली होती. आणि लाइट गेली. पडदा मिटत एका ठिपक्यावर आला आणि तोही गेला. साठवलेलं काहीच नव्हतं. ती अंधारात माझ्याकडे बघत बसली. मी काही बोलले नाही.

वीस मिनिटांनी लाइट आली. खालचा सूर, वरचा सूर. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दहा क्रमांकाची पहिली ओळ टाइप करायला घेतली.